‘कुणाला सांगू नकोस’ असं मैत्रीण म्हणाली तर?

(पॉडकास्टच्या भागाचं शब्दांकन. वाचायला सोपं जावं म्हणून अडखळणं तेवढं काढलंय, बाकी बोलले तसंच ठेवलंय. या भागात आत्महत्येच्या विचारांबद्दल बोलणं आहे. आत्ता मन थाऱ्यावर नसेल तर नंतर वाचा, किंवा कुणालातरी शेजारी बसवून वाचा. टेलिमानस हेल्पलाइनचा नंबर १४४१६. चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलता येतं.)

मी लासलगावातून बोलतेय. मागे घरघर ऐकू येत असेल तर ती बाजार समितीकडे निघालेल्या ट्रॅक्टरांची. खिडकी लावली तरी आवाज येतोच, त्यामुळे तो तुम्हीही ऐका.

लासलगाव म्हटलं की लोकांना कांदा आठवतो. भाव पडला की टीव्हीवाले येतात, भाव चढला तरी येतात. माइक पुढे करून शेतकऱ्याला विचारतात, काय वाटतं? विचारायलाच पाहिजे. पण त्याच शेतकऱ्याच्या घरात, आतल्या खोलीत, नीटची किंवा बारावीची पुस्तकं उघडून बसलेलं एक पोरगं असतं. त्याला काय वाटतं हे विचारायला कुणी येत नाही. आजचा भाग त्याच्याबद्दल आहे. आणि त्याला विचारायचं कुणी, विचारायचं कसं, हे शिकता येतं का, याबद्दल आहे.

आधी एक गोष्ट सांगते. गोष्ट माझ्या मैत्रिणीची आहे. तिला विचारून सांगतेय. ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील बदललेत.

बसमधलं बोलणं

२०२३-२४ चा हिवाळा. मी नाशिकला बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होते. ती नीटसाठी पुन्हा बसणार होती, म्हणजे ड्रॉप घेतलेला. क्लास नाशिकलाच. लासलगावपासून साठेक किलोमीटर. दोघींचाही एसटीचा पास, त्यामुळे परतीची गाडी बहुतेक वेळा एकच असायची.

त्या डिसेंबरात कांद्याची निर्यातबंदी आली होती. लाल कांदा नुकता निघायला लागलेला आणि भाव धाडकन खाली. इथे लिलाव बंद पडले, आंदोलनं झाली, ते सगळं तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. तिच्या वडिलांनी क्लासची फी उसनवारी करून भरली होती, कांदा निघाला की फेडू म्हणून. हे मला माहीत होतं. लासलगावात कुणाच्या घरात काय चाललंय ते सगळ्यांनाच माहीत असतं.

एका संध्याकाळी गाडी चांदोरीच्या पुढे आली होती. ती खिडकीतून बाहेर बघत होती. एकदम म्हणाली, “मला आता नको झालंय गं सगळं. मी नसले तर घरच्यांचा खर्च तरी वाचेल.”

मी काय केलं? मी म्हटलं, “ए, वेडी आहेस का? असलं काही बोलू नकोस. तू आपल्या वर्गात पहिली यायचीस. एक वर्ष जोर लाव. आईबाबांचा विचार कर जरा.”

ती दोन मिनिटं गप्प बसली. मग म्हणाली, “बरं. कुणाला सांगू नकोस हं. शपथ?”

मी म्हटलं, “शपथ.”

मग आम्ही दुसरंच काहीतरी बोलत आलो. घरी गेल्यावर मला बरंच वाटत होतं. मैत्रिणीला धीर दिला, असं.

साधारण पंधरा दिवसांनी तिनं जीव द्यायचा प्रयत्न केला. तिच्या मावशीला शंका आली, ती वेळेवर पोचली, म्हणून ती वाचली. कसं, काय, ते मी सांगणार नाही. ते ऐकून कुणाचंच भलं होत नाही.

मधले पंधरा दिवस मी शपथ पाळत होते. हे वाक्य मी आजवर फार थोड्या लोकांसमोर बोललेय.

चार-पाच महिन्यांनी तिची तब्येत सावरल्यावर आम्ही एकदा निवांत बोललो. मी माफी मागितली. ती चिडली नाही. म्हणाली, “तू मला उत्तरं देत होतीस. मी तुला काही विचारलंच नव्हतं.” आणि मग म्हणाली, “तुझा चेहरा बघून मला वाटलं, हिलाही जड झालं. आता आणखी कुणाला सांगण्यात काही अर्थ नाही.”

मी तिचं वाईट चिंतत नव्हते. माझा तिच्यावर जीव होता, आहे. पण जीव असणं आणि ऐकता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हा कळलं. पहिली आपोआप येते. दुसरी शिकावी लागते.

हे एकट्यादुकट्याचं नाही

आता थोडे आकडे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. त्यातले १,७६४ महाराष्ट्रातले. सगळ्या राज्यांत आपला आकडा सर्वांत मोठा. म्हणजे आपल्या राज्यात दिवसाला जवळजवळ पाच. त्याच्या आदल्या वर्षी, २०२१ मध्ये, महाराष्ट्राचा आकडा १,८३४ होता. तेव्हाही आपणच वर.

या आकड्यांमागे एकच एक कारण नसतं. ‘नापास झाला म्हणून’, ‘प्रेमप्रकरण होतं म्हणून’ असं आपण एका वाक्यात मोकळं होतो. तसं कधीच नसतं. बऱ्याच गोष्टी एकावर एक साचत जातात. माझ्या मैत्रिणीचंच घ्या. पहिल्या प्रयत्नात कमी पडलेले मार्क, घरचं कर्ज, पडलेला कांदा, झोप उडालेली, आणि हे सगळं आपल्यामुळेच झालंय ही समजूत. यातली झोप आणि ती समजूत, या दोन्हींवर उपाय होता. तिथवर तिला कुणी नेलं नाही.

नेणार कोण? निम्हान्सनं २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात दिसलं की मानसिक आजार असलेल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. आजारानुसार हे प्रमाण ७० ते ९२ टक्के. देशात ही गत, तर आपल्याकडे काय असणार! डॉक्टर नाशिकला. जायचं म्हणजे एक दिवस मोडणार, गाडीभाडं जाणार, आणि घरी सांगायचं काय? ‘मानसोपचार’ हा शब्द काढला तरी आई म्हणते, “हळू बोल, शेजारी ऐकतील.”

मग प्रश्न असा येतो, की जे डॉक्टर नाहीत, समुपदेशक नाहीत, फक्त जवळ आहेत, अशा माणसांना काही शिकवता येईल का?

आपल्याच जिल्ह्यात झालेलं काम

याचं एक उत्तर आपल्या नाशिक जिल्ह्यातच सापडतं आणि आपल्यालाच ते माहीत नसतं. मलाही नव्हतं.

पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीचं ‘सेंटर फॉर मेंटल हेल्थ लॉ अँड पॉलिसी’ नावाचं केंद्र आहे. त्यांनी २०१३ ते २०१५ या काळात नाशिक जिल्ह्यातल्या ४१ गावांत ‘आत्मीयता’ नावाचा प्रयोग केला. गावातलीच माणसं निवडली. लोक ज्यांच्याशी सहज बोलतात, ज्यांचा शब्द ऐकतात, अशी. त्यांचे दोन गट केले. ‘आत्मीयता मित्र’ होते, त्यांनी आपल्या ओळखीत, बचतगटात, वस्तीवर कोण त्रासात आहे हे ओळखायचं. आणि ‘चॅम्पियन’ होते, त्यांनी त्या माणसाला चार ते सहा वेळा भेटायचं, ऐकायचं, अडचण सुटी करून बघायची. दुखणं मोठं वाटलं तर डॉक्टरपर्यंत पोचवायचं. त्यांच्या हातात स्मार्टफोन दिले होते, त्यात छोट्या फिल्म होत्या. घरातली भांडणं, दारू, बेरोजगारी असल्या विषयांवरच्या. लोक फिल्म बघायचे आणि मग म्हणायचे, हे तर आमच्याच घरातलं आहे. तिथून बोलणं सुरू व्हायचं.

यातली एक गोष्ट मला फार पटली. सरकारी योजनेचा लाभ मिळवून देणं हासुद्धा त्या चॅम्पियनच्या कामाचा भाग होता. कारण माणसाचं दुःख कधीकधी अडकलेल्या पेन्शनचं असतं. नुसतं ‘सकारात्मक विचार करा’ म्हणून पेन्शन सुटत नाही.

हाच प्रयोग पुढे गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर नेला गेला. सुरुवात मात्र आपल्याकडची.

आत्मीयता मोठ्या माणसांसाठी होतं. विद्यार्थ्यांचं काय? त्यासाठी बिहारकडे बघूया. गोव्यात १९९६ मध्ये सुरू झालेली ‘संगाथ’ ही संस्था तुम्ही ऐकली असेल. त्यांनी नालंदा जिल्ह्यातल्या सत्तरहून जास्त सरकारी माध्यमिक शाळांत ‘सेहर’ नावाचा प्रयोग केला. काही शाळांत हे काम एका शिक्षकाकडे दिलं. काही शाळांत बाहेरून एक साधा, मानसशास्त्राची पदवी नसलेला, पण नीट शिकवून तयार केलेला माणूस नेमला. तिसऱ्या गटात नेहमीचंच चालू ठेवलं. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. शिकवून तयार केलेला माणूस होता त्या शाळांत वातावरण सुधारलं, मुलांमधली उदासी कमी झाली, दादागिरी आणि मारामारी कमी झाली. शिक्षकाकडे काम दिलं त्या शाळांत असा फरक दिसला नाही.

आता यावरून शिक्षकांना नावं ठेवू नका. मला यातून इतकंच दिसतं की ज्याच्या हातात तुमचे मार्क आहेत त्याच्याजवळ मन मोकळं करणं अवघड असतं. शिवाय सरांना शिकवणं, पेपर, निवडणुकीची कामं, सगळंच करायचं असतं. या कामासाठी वेळ असलेला, शिकलेला आणि तुमचा निकाल न लावणारा माणूस लागतो. तो विशीतला असला तरी चालतो.

ही कल्पना आजची नाहीच. लंडनमध्ये १९५३ साली चाड व्हारा नावाच्या पाद्र्यांनी आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी फोन सुरू केला. तेच पुढे ‘सॅमेरिटन्स’ झालं. लोक भेटायला यायला लागले, बाहेर थांबायला लागले. थांबलेल्यांना चहा द्यायला, त्यांच्याशी दोन शब्द बोलायला स्वयंसेवक असायचे. थोड्याच दिवसांत व्हारांच्या लक्षात आलं की बऱ्याच जणांना त्या चहावाल्यांशी बोलूनच हलकं वाटतंय, आत यायची गरजच उरत नाहीये. १९५४ च्या फेब्रुवारीत त्यांनी ते काम स्वयंसेवकांकडेच सोपवून टाकलं. आपल्याकडे ठाण्याच्या आयपीएचची ‘मैत्र’ हेल्पलाइन किंवा पुण्याची ‘कनेक्टिंग’ ही संस्था, यांचं कामही शिकवून तयार केलेल्या अशाच स्वयंसेवकांवर उभं राहिलं.

प्रशिक्षणात काय शिकले

मैत्रिणीच्या प्रकारानंतर काही महिन्यांनी मी असं एक प्रशिक्षण घेतलं. आम्ही वीसेक जण होतो, सगळे १९ ते २५ मधले. मला वाटलं होतं मानसशास्त्र शिकवतील, आजारांची नावं पाठ करून घेतील. तसं काहीच झालं नाही.

पहिलाच खेळ असा होता. जोड्या करा. एकानं तीन मिनिटं बोलायचं, दुसऱ्यानं फक्त ऐकायचं. सल्ला नाही, प्रश्न नाही, ‘माझंपण असंच झालेलं’ नाही. मी एक मिनिटसुद्धा टिकले नाही. समोरची मुलगी हॉस्टेलच्या मेसबद्दल बोलत होती आणि मी तिला डबा लावायचा पत्ता देऊन मोकळी! सगळे हसले. मीही हसले. मग बस आठवली आणि गप्प झाले.

तर जे शिकले ते थोडक्यात सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानसिक प्रथमोपचारात तीन पायऱ्या सांगतात: बघा, ऐका, जोडून द्या. आम्हाला यात मधे एक पायरी जास्त शिकवली, ती म्हणजे विचारा.

बघा. म्हणजे बदल बघा. नेहमी बडबडणारा ग्रुपवर गप्प झालाय. नेहमी डबा शेअर करणारी एकटी बसतेय. रात्री तीनला ऑनलाइन दिसतोय. आवडीच्या वस्तू वाटून टाकतोय. ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’, ‘मी नसतो तर बरं’ असली वाक्यं गमतीत म्हणून येताहेत. यातली एखादी गोष्ट दिसली म्हणजे लगेच काही झालं असं नाही. पण विचारायला तेवढं कारण पुरेसं आहे.

विचारा. हे सगळ्यांत अवघड. आपल्याला वाटतं, आत्महत्येचा शब्द काढला तर नसलेला विचार डोक्यात शिरेल. अभ्यासांतून तसं दिसत नाही. उलट कुणीतरी सरळ विचारलं म्हणून लोकांना सुटल्यासारखं वाटतं. आम्ही हे वाक्य मोठ्यानं, एकमेकांकडे बघत, दहा-दहा वेळा म्हटलं: “तू खूप त्रासात दिसतोयस. कधी जीव द्यावा असं मनात येतं का?” पहिल्यांदा म्हणताना माझा आवाज कापला. दहाव्यांदा नाही कापला. सराव कशासाठी, तर यासाठीच. आणि ‘तसलं काही नाही ना तुझ्या डोक्यात?’ असं विचारायचं नाही. त्यात आपल्याला ‘नाही’ हेच उत्तर हवंय, हे समोरच्याला लगेच कळतं.

ऐका. “हो” असं उत्तर आलं तर घाबरून भाषण सुरू करायचं नाही. “कधीपासून असं होतंय?” “सगळ्यात जड काय वाटतं?” “मला सांगितलंस ते बरं केलंस.” एवढी वाक्यं पुरतात. मधे शांतता पडली तर पडू द्यायची. शांतता भरून काढायची घाई आपल्याला असते, त्याला नसते.

जोडून द्या. “डॉक्टरकडे जा” म्हणणं म्हणजे जोडून देणं नव्हे. “उद्या सकाळच्या गाडीनं आपण दोघं जाऊ” हे जोडून देणं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. दहा ते एकोणीस वयासाठी २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्यातल्या सल्ला केंद्रांना महाराष्ट्रात ‘मैत्री क्लिनिक’ म्हणतात. काहीच सुचलं नाही तर १४४१६. आणि धोका आत्ताचा, या तासाचा वाटत असेल, तर त्याला एकटं सोडायचं नाही. घरातल्या मोठ्या माणसाला बोलवायचं आणि सरळ दवाखाना गाठायचा.

आणि शपथ? शपथ द्यायची नाही. आधीच सांगायचं: “तू सांगशील ते मी गावभर करणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर मी एका मोठ्या माणसाला सांगेन. कुणाला सांगायचं ते आपण दोघं मिळून ठरवू.” माझ्याकडे त्या दिवशी हे वाक्य असतं तर, असं मला अजून वाटतं. प्रशिक्षण देणाऱ्या मॅडमना मी तसं बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, “नव्हतं ना तुझ्याकडे. आता आहे. पुढे चल.”

एकदा वापरून पाहिलं

हे सगळं ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात कसं होतं ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल दोन दिवस शिकलं की झालं.

गेल्या वर्षी ओळखीतल्या एका मुलानं स्टेटसला काहीतरी लिहिलं. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. मला ताई म्हणतो. मी फोन केला, मग भेटले. विचारलं, सरळ. तो म्हणाला, “हो.” पाऊण तास बोलत होता. मी फार तर पाच वाक्यं बोलले असेन. मग मी म्हटलं की हे मला एकटीला पेलायचं नाही, आपण तुझ्या दादाला सांगूया. तो चिडला. म्हणाला, “ताई, तुझ्यावर विश्वास ठेवला ही चूक झाली.” मी तरी सांगितलं, त्याच्यासमोरच, त्याच्याच फोनवरून. १४४१६ लाही आम्ही दोघांनी मिळून फोन लावला.

नंतर महिनाभर त्यानं मला ब्लॉक करून ठेवलं होतं. मी रोज त्याचा डीपी दिसतोय का बघायची. त्या महिन्यात मला झोप लागायची नाही, जेवण जायचं नाही. तेव्हा प्रशिक्षणातला शेवटचा धडा कामी आला, जो मला तिथे कंटाळवाणा वाटला होता. ऐकणाऱ्यालाही बोलायला कुणीतरी हवं. आमच्या गटात दर पंधरा दिवसांनी एक बैठक असते. ज्यानं कुणाशी बोलून घेतलंय त्यानं, नावगाव न सांगता, आपल्याला काय झालं ते मांडायचं. मी मांडलं. रडले. मॅडमनी विचारलं, “तो सुरक्षित आहे ना?” मी म्हटलं, “दादा म्हणाला, औषध सुरू आहे.” “मग तुझं काम झालं. त्याला राग यायचा हक्क आहे.”

आता त्यानं अनब्लॉक केलंय. दिवाळीला ‘शुभ दीपावली’चा फॉरवर्ड मेसेज आला. बस, तेवढंच. मला तेवढं पुरे.

कुणाकडून काय मागायचं

आता थोडं कायद्याचं, कारण हे आपल्याला ठाऊक असायला हवं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. त्याचं कलम ११५ म्हणतं की आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरायचं, तिला शिक्षा करायची नाही, आणि तिची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी. म्हणजे ‘पोलिस केस होईल’ या भीतीनं दवाखान्यात न्यायला उशीर करू नका.

दुसरं, २५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल १५ मार्गदर्शक तत्त्वं दिली. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. त्याहून लहान संस्थेनं बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यावं. शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचारी, सगळ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण. हेल्पलाइनचे नंबर वर्गात, हॉस्टेलवर ठळक दिसतील असे लावायचे. यात क्लासवालेही आले, फक्त शाळा-कॉलेज नाही.

तर उद्या आपल्या कॉलेजात, क्लासमध्ये जाऊन बघा. १४४१६ कुठे लिहिलाय का? नसेल तर विचारा. भांडायची गरज नाही, चौघे मिळून अर्ज द्या.

आणि इथे एक सावध करते. ‘आम्ही मुलांनाच ट्रेनिंग दिलंय, आता समुपदेशक कशाला’ असं कुणी म्हणायला लागलं, तर ते ऐकून घेऊ नका. आम्ही शिकलो ते पोचवायचं काम. ज्याच्यापर्यंत पोचवायचं तो माणूस तिथे हवाच. नाहीतर वीस वर्षांच्या पोरांच्या खांद्यावर तुम्ही असं ओझं टाकताय जे मोठ्यांनी उचलायचं होतं.

अजून एक. ऐकून घेतल्यानं कांद्याला भाव येत नाही. फी माफ होत नाही. हे मला कळतं. पण माझ्या मैत्रिणीच्या बाबतीत पुढे काय झालं सांगू? बरी झाल्यावर तिच्या मावशीनं आणि वडिलांनी क्लासवाल्यांशी बोलून राहिलेल्या फीचे हप्ते करून घेतले. अर्ध्या तासाचं बोलणं. कुणाला माहीतच नव्हतं की त्या हप्त्यावरून ती रात्र रात्र जागते. तिनं सांगितलं नव्हतं, आणि जिला सांगायचा प्रयत्न केला ती जोर लाव म्हणत होती.

म्हणून आज दोनच कामं करा. १४४१६ फोनमध्ये सेव्ह करा, आत्ता, हे ऐकता ऐकता. आणि ज्याची आठवण हा भाग ऐकताना सारखी येत होती, त्याला फोन करा. मेसेज नको, फोन. “बऱ्याच दिवसांत बोललो नाही, कसा आहेस?” आणि मग गप्प बसा, त्याला बोलू द्या.

ती मैत्रीण आता नर्सिंग करतेय. रेकॉर्डिंग आधी तिला ऐकवलं. तिनं एक वाक्य काढायला सांगितलं, ते काढलं. आणि म्हणाली, “मावशीचं नाव घेतलं नाहीस ते बरं केलंस, नाहीतर ती लासलगावात भाव खात फिरली असती.”

चला, ट्रॅक्टर अजून चालूच आहेत. काळजी घ्या, स्वतःची आणि शेजारच्याचीही. भेटू पुढच्या भागात.